पालथं झोपणाऱ्यांचं घर

१

मून आजोबांना अग्नी दिला तेव्हा त्यांची हातोडी त्यांच्या छातीवर होती. सगळ्या गावानं ती पाहिली. म्हणजे पांढऱ्या कापडात गुंडाळून वर सूत बांधलेली पाहिली, कारण गुरूची वस्तू उघडून बघायची आमच्याकडे रीत नाही. चिता पेटली, राख झाली, अस्थी देवळाच्या भिंतीतल्या कोनाड्यात गेल्या. कोनाड्यावर आजोबांचा फोटो लावला. त्यात ते रागावल्यासारखे दिसतात, पण ते कुठल्याही फोटोत तसेच दिसायचे.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या कुलूपबंद उपचारघरातून हातोडीचा आवाज यायला लागला.

टोक्. टोक्-टोक्.

वीज पडलेल्या चिंचेच्या लाकडाची हातोडी, त्याच लाकडाची पाचर. शिरेवर पाचर टेकवायची आणि वरून हळूहळू ठोकत जायचं. चियांगमाई शहरापासून इकडच्या डोंगरापर्यंत ज्यांचे ज्यांचे गुडघे धरले होते, ते सगळे कधी ना कधी आजोबांच्या गादीवर पालथे पडलेले. नियम एकच. तोंड उशीत, आणि उपचार संपेपर्यंत मान वर करायची नाही. मान वर केली की मंत्र तुटतो.

मीही पडलोय. लाँगन फळांच्या पेट्या चढवताना माझ्याच प्रवासी गाडीच्या टपावरून पडलो होतो. मी उंचीला जरा जास्त आहे, त्यामुळे माझे पाय गादीबाहेर जायचे. आजोबा माझ्या टाचेवर ठोकायचे, आणि मंत्र पुटपुटताना त्यांच्या गालातल्या मियांगचा, म्हणजे आंबवलेल्या चहाच्या पानांच्या विड्याचा वास थेट माझ्या नाकात यायचा. त्या वासापुढे पायाचं दुखणं काहीच वाटायचं नाही. हाही उपचाराचाच भाग असावा, अशी माझी समजूत होती.

तर अशा या घरातून आवाज यायला लागल्यावर आजोबांची नात लामयाई माझ्या गाडीपाशी आली. ती शहरातून देशी औषधांचा परवाना घेऊन आलेली मुलगी, सहसा घाबरत नाही.

"तोंग, तुझ्या मावशीला आणशील?"

"तिचे गुडघे पुन्हा सुजलेत. गाडीतून उतरत नाही ती."

"मग गाडीसकट आण," लामयाई म्हणाली. "गुरुवारी गाव आमचं घर जाळणार आहे."

२

सेंगला मावशी मुष्टियुद्धाच्या मैदानात घंटा वाजवायची. तिचं सगळं आयुष्य त्यात गेलं. रिंगच्या दोराला बाईचा हात लागला तर खेळ बाटतो म्हणतात, म्हणून ती बाहेर खुर्चीवर बसायची. तिथून ती कानानं सांगायची की कोणता गडी थकलाय आणि कोण थकल्याचं सोंग करतोय. निवृत्त होताना तिनं घंटा मागून घेतली. ती पिशवीत असते. का, ते आम्ही विचारत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती, पण धुरामुळे सांगता येत नव्हतं. या दिवसांत डोंगर जळतात आणि धूर खोऱ्यात उतरून बसतो. सूर्य लाल टिकलीएवढा. झाडं आहेत हे आठवणीवर मानायचं. कुत्रीसुद्धा भुंकण्याआधी जरा विचार करत होती.

गावप्रमुख प्रासित वाटेतच उभा होता. अंगात सरकारी जाकीट, पाठीवर ठळक अक्षरांत 'आग लावू नका'. तो वणवाबंदी समितीचा अध्यक्ष आहे.

"जाळणार आहेस म्हणे," मावशी गाडीतूनच म्हणाली.

"परवानगीचा अर्ज केलाय, ताई. रीतसर. गुरूचा आत्मा अडकलाय तिथं. घर गेलं की तो सुटेल."

"अर्जात काय लिहिलंस?"

"पालापाचोळा."

उपचारघर खांबांवर उभं आहे. त्याला लागूनच, त्याच उंचीवर, आजीचं स्वयंपाकघर. मधे फक्त बांबूच्या चटईची भिंत. पुढच्या दाराला कुलूप होतं आणि कुलपावर देवळातून आणलेलं मंतरलेलं सूत गुंडाळलेलं, गाठी जशाच्या तशा. किल्ली प्रासितच्या गळ्यात. खिडक्यांना बाहेरून फळ्या ठोकलेल्या.

"मला विचाराल तर," प्रासित आवाज खाली आणून म्हणाला, "ही पोरगीच मोबाइलवर वाजवत असेल. गाव घाबरलं की घराकडे फिरकणार नाही आणि ही इथं दवाखाना काढेल."

"घाबरलं की गाव घर जाळतं, काका," लामयाई म्हणाली. "तुम्ही रॉकेलही आणून ठेवलंय." ती आमच्यासमोरच उभी होती, मोबाइल हातात, पडदा काळा.

आणि तेवढ्यात आला.

टोक्. टोक्-टोक्. टोक्. टोक्-टोक्.

आवाज फार मोठा नव्हता. एखाद्यानं माझ्याच पाठीच्या मणक्यावर बोट वाजवावं तसा होता. प्रासितनं जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. कुठलंसं पाखरू ओरडून गप्प झालं. आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला, आणि मग धुरात विरून गेला.

मावशी डोळे मिटून ऐकत होती.

"एक, मग दोन जोडून," ती म्हणाली. "दुसऱ्या ठोक्याला मनगट किंचित उचललेलं. तीन पावसाळे माझ्या गुडघ्यांवर हेच वाजलंय."

"म्हणजे कुणीतरी नक्कल करतंय?" मी विचारलं.

"नक्कल करणारा ठोका मोजतो. हा मोजत नाही." तिनं डोळे उघडले. "माझे गुडघे तेव्हा ज्या हातानं बरे झाले ना, तोच हात आहे हा."

प्रासित गुरुवारऐवजी बुधवारी जाळता येईल का, असं पुटपुटत निघून गेला.

३

आजोबांचा एकुलता चेला थावॉन. त्यानं शहरात पर्यटकांसाठी मालीशघर काढलंय, तिथं पंखे, संगीत आणि लिंबाचं सरबत. त्याची चौकशी मावशीनं माझ्या गाडीतच केली, समोरासमोरच्या बाकांवर, आणि मी गावाभोवती चकरा मारत राहिलो.

"हातोडी तुला हवी होती."

"कोणाला नको असणार, ताई? माझ्याकडे कारखान्यातली आहे. परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं, तुमच्या झाडावर वीज कधी पडली? मी म्हटलं, बिल भरलं नव्हतं तेव्हाच वीज गेली, पडायचं सोडा." थावॉन हसला नाही. "पण गुरूनं दिली नाही. म्हणाले, माझ्याबरोबर जाळा."

"गुंडाळी कोणी बांधली?"

"कापडात आजीनं गुंडाळून दिली. सूत मी बांधलं."

"उघडून पाहिलीस?"

"गुरूची हातोडी उघडून बघतात का?"

"आणि आजीनं गुंडाळली ती चालली?"

"कापडाला हात लागला तर चालतं. लाकडाला नाही. बाईचा हात लाकडाला लागला की ते साधं सरपण."

गाडी वेशीवर वळली तेव्हा धुरातून पुन्हा आवाज आला. थावॉनचा चेहरा पडला. तो गाडीत होता, आवाज घरातून होता, आणि हे आम्हा तिघांनाही एकदमच कळलं.

"अस्थी तूच वेचल्यास ना?" मावशी शांतपणे म्हणाली.

"हो. सगळं चाळून घेतलं. सोन्याचा दात मिळाला. पट्ट्याचं बक्कल मिळालं. त्यांनी लहानपणी गिळलेलं म्हणून सांगायचे ते नाणं मात्र नाही मिळालं. सगळे म्हणाले, तेवढं एक खोटं बोलले."

"हातोडीच्या तोंडाला भेग होती. ती फाकू नये म्हणून पितळी कडं बसवलं होतं. चांगलं अंगठ्याएवढं जाड."

"होतं."

"ते मिळालं?"

थावॉननं खाली उतरायचं म्हणून गाडी थांबवायची घंटी दाबली. गाडी अजून चालतच होती.

"दात उरला आणि कडं उरलं नाही," मावशी मला म्हणाली. "वितळलं तरी गोळा राहतो. जे जळलं ती हातोडी नव्हती. चल, मला भूक लागलीय."

४

बुआपान आजीच्या स्वयंपाकघरापर्यंत मावशीला लामयाईनं आणि मी उचलून चढवलं. आजी लहानखुरी, बगळ्यासारखी. तिनं बांबूच्या टोपलीतला चिकट भात, उकडलेल्या शेंगा आणि भाजक्या हिरव्या मिरचीचा ठेचा पुढे ठेवला.

मी भाताचा गोळा ठेच्यात बुडवून तोंडात टाकला आणि थांबलो. ठेच्यात साखर होती.

हे गंभीर होतं. आजीचा ठेचा खाऊन माणसं रडायची आणि पुन्हा वाढा म्हणायची. हा बाजारच्या पिशवीतला. आमच्या भागात आजीनं ठेचा विकत आणणं म्हणजे भिक्खूनं दुकानातून पुण्य आणण्यासारखं आहे. कोपऱ्यात खल होता, मातीचा, कोरडा, त्यात एक पाल बसली होती. बत्ता नव्हता.

"आजी, बत्ता कुठाय?" मावशीनं विचारलं.

"मोडला."

"नवा नाही आणला?"

"दुकान प्रासितच्या बायकोचं. ती विचारते, जुना कुठे गेला." आजीनं शेंगा पुढे सरकवल्या. "खा."

लामयाईच्या उजव्या हातावर गरम तेल उडालं होतं, पट्टी बांधलेली, म्हणून आजी भाताचे गोळे करून तिच्या ताटात ठेवत होती. ते पाहून मला आजोबा आठवले. शेवटची कितीतरी वर्षं आजी त्यांनाही असेच गोळे वळून भरवायची. गावातल्या नव्या जोडप्यांना त्यांचा दाखला द्यायचे. लग्नात भिक्खूंनीसुद्धा एकदा दिला होता.

"काय प्रेम होतं," मी म्हणालो.

मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पहिल्या फेरीतच आडवा झालोय.

मग ती भिंतीकडे बघत राहिली. दोन घरांमधल्या चटईच्या भिंतीत एक झडप होती. तिकडं पालथ्या पडलेल्या रोग्याला गरम औषधी पुरचुंड्या इकडून द्यायच्या, त्यासाठी. झडपेच्या वरच्या पट्टीवर धूर आणि जाळी. खालची पट्टी मात्र तेलकट काळी, गुळगुळीत, मधोमध खोलगट झालेली. खांबावर म्हैस अंग घासते तिथं होते तशी.

"पुरचुंड्यांनी लाकूड असं झिजत नाही," मावशी म्हणाली.

आजीनं टोपलीवर झाकण ठेवलं.

"तोंग," मावशी म्हणाली, "आजोबा तुझ्या टाचेवर ठोकायचे तेव्हा वास कुठे यायचा?"

"नाकात. अजून कुठे येणार?"

"आजोबा उभे राहिले तर तुझ्या कुठपर्यंत यायचे?"

"बरगडीपर्यंत."

"मग तोंड तुझ्या कानाशी आणि हात तुझ्या टाचेशी, असं त्या एवढ्याशा माणसाला कसं जमायचं?"

मी हातातला भाताचा गोळा परत ताटात ठेवला. कित्येक दुपारी मी त्या गादीवर पडलो होतो. माझ्या डोक्याशी एकजण बसायचा. आणि पायाशी कोण बसायचं, हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

५

आजीनं भाताची टोपली बाजूला केली.

"त्यांची बोटं मिटेनात," ती म्हणाली. "सांध्यांच्या गाठी झाल्या. सगळ्यांचे सांधे सोडवले आणि स्वतःचे धरले. आधी हातोडी पडायला लागली, मग भाताचा गोळासुद्धा वळेना. रोगी तर दारात. एक दिवस ते मंत्र म्हणत राहिले आणि मी झडपेतून आत गेले."

"आणि रोगी बरा झाला," मावशी म्हणाली.

"आधीपेक्षा लवकर. म्हणून ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत." आजी किंचित हसली. "शेवटी म्हणाले, हातोडी तू ठेव. जाळायला दुसरं काहीतरी दे."

"बत्ता," मी म्हणालो.

"चांगला होता रे. आईचा होता."

लामयाईला तिच्याच घरात हातोडीला शिवू दिलं नव्हतं. परवाना असूनही ती पुरचुंड्या बांधायची, इकडच्या बाजूला, आजीशेजारी बसून. आजी गरम पाणी आणते म्हणून उठायची आणि लामयाईला वाटायचं, म्हातारीला चुलीपाशी वेळ लागतो.

"आता कोणाला ठोकतेस?" तिनं विचारलं.

"माझ्याच गुडघ्यांना. कोणी बघू नये म्हणून झडपेतून तिकडं जाते. नाहीतर सकाळी भिक्खूंना भात वाढायला खाली बसता येत नाही."

"मग सांग ना सगळ्यांना. घर वाचेल."

"आणि त्यांचं काय?" आजीचा आवाज पहिल्यांदा चढला. "गाव म्हणेल, म्हातारा लबाड होता, बाईच्या हातून बाटवलं आम्हाला. देवळाच्या भिंतीतून काढतील त्यांना. घर जळू दे. मी दुसरीकडे भात शिजवीन."

मावशीनं पिशवीतून घंटा काढली, हातात फिरवली आणि परत ठेवली.

"मी कोणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "पण आजी, मी पन्नाशी उलटेपर्यंत दोराबाहेर बसले. आत काय चाललंय ते आतल्यांपेक्षा मला जास्त कळायचं. बाहेर बसून गुडघे गेले, एवढंच झालं."

आजीनं रिकामा खल उचलला, पालीला बाहेर काढलं आणि खल पालथा घालून ठेवला.

६

गुरुवार हा आमच्याकडे गुरूचा वार. गाव जमलं तेव्हा धूर इतका होता की माणसं आधी खोकल्यावरून ओळखू यायची. प्रासित जाकीट घालून, रॉकेलचा डबा घेऊन पुढे होता. अर्ज मंजूर झाला नव्हता, पण नामंजूरही झाला नव्हता. लामयाई उपचारघराच्या शिडीवर बसली होती आणि उठत नव्हती.

"उठ, पोरी. गुरूला अडवू नको."

"आधी मला जाळा, काका. पालापाचोळ्यात धरा."

थावॉन तिला हाताला धरून उठवायला पुढे झाला, आणि त्याच क्षणी तिच्या पाठीमागे, कुलपाच्या आत, ठोका पडला.

टोक्.

गाव एकजात मागे सरकलं. टोक्-टोक्. प्रासितच्या हातातला डबा कलंडला आणि रॉकेल त्याच्याच बुटांत गेलं. टोक्. टोक्-टोक्. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आजी तिथं नव्हती. चुलीवर पातेलं उकळत होतं आणि भिंतीतली झडप उघडी होती.

मग आवाज थांबला. झडप वाजली. स्वयंपाकघराच्या दारात बुआपान आजी येऊन उभी राहिली. हातात पाचर, आणि ती हातोडी. त्या लाल उजेडात पितळी कडं चमकलं.

एक बाई खाली बसून रडायला लागली. थावॉननं आपोआप हात जोडले, मग कोणाला जोडले हे लक्षात येऊन सोडले, मग पुन्हा जोडले.

"बाटवलं," प्रासित कसाबसा म्हणाला. "बाईनं धरली. आता ते सरपण आहे. गुरूचं नाव..."

मावशीनं घंटा वाजवली. एकदाच. सगळ्यांच्या माना गाडीकडे वळल्या.

"प्रासित, तुझे गुडघे कोणी बरे केले?"

"गुरूनं."

"ठोकताना मंत्र कुठून ऐकू यायचा?"

"उशीशी. कानात."

"आणि हातोडी कुठे असायची?"

"पोटरीवर. टाचेव..." तो थांबला. त्याच्या मागे माणसं आपापल्या अंगावर हात ठेवून अंतर मोजत होती, कान ते पोटरी, कान ते टाच. एकानं शेजाऱ्याला पालथा पाडूनच खात्री केली.

"भाताचे गोळे त्यांना कोण वळून द्यायचं?" मावशी म्हणाली. "ज्याला मूठ मिटता येत नाही तो हातोडी धरेल कसा? मंत्र त्यांचा, हात आजीचा. एकमेकांवाचून दोन्ही अर्धे. सगळं गाव या हाताखालून गेलंय. बाईच्या हातानं ताकद जात असेल, तर तुझी केव्हाच गेली असणार. बस बघू खाली."

"कशाला?"

"बस. गुडघे मोड आणि उठ."

प्रासितनं आजूबाजूला पाहिलं. मग सगळ्या गावादेखत, रॉकेलनं भिजलेल्या बुटांत, आग लावू नका असं पाठीवर लिहिलेला तो माणूस उकिडवा बसला. धुरात पूर्ण शांतता होती. आम्ही सगळे त्याच्या गुडघ्यांकडे कान लावून होतो. पूर्वी ते ओल्या फांदीसारखे वाजायचे.

तो उठला. काहीच वाजलं नाही.

तो पुन्हा बसला, पुन्हा उठला. तिसऱ्यांदा उठला तेव्हा त्यानं गळ्यातली किल्ली काढून लामयाईच्या पट्टी बांधलेल्या हातावर ठेवली.

"सूत तूच सोड," तो म्हणाला. आणि मग आजीकडे न बघता, "माझा डावा खांदा अजून जरा धरतो."

"रांगेत ये," आजी म्हणाली.

७

आजोबा कोनाड्यातच आहेत. फोटो बदलला नाही, कारण दुसरे फोटोही रागावलेलेच आहेत. हातोडी आता लामयाई धरते आणि थावॉन दर गुरुवारी शहरातून येतो, डोक्याशी बसून मंत्र म्हणतो. त्याला तेवढंच जमतं, पण तो म्हणतो चांगला. आजीला गावानं बत्ता भेट दिला. प्रासितच्या बायकोनं जुना कुठे गेला हे विचारलं नाही.

मावशी आता स्वतः गाडीतून उतरते. उतरून लगेच परत चढते. उतरता येतं हे दाखवायलाच ती उतरते.

परवा माझी टाच पुन्हा दुखली. थावॉन आला नव्हता, वाटेत झाड पडलं होतं. आजी म्हणाली, आज बिनमंत्राचं ठोकते, फुकटात. मी पालथा झालो, तोंड उशीत घातलं. लामयाई बाजारात गेली होती. घरात आम्ही दोघंच.

टाचेवर ठोका पडला. टोक्. टोक्-टोक्. बरं वाटायला लागलं, डोळे जड झाले.

आणि कानाशी काहीतरी पुटपुटलं. हळू, घोगरं, ओळखीचं. पाठोपाठ आंबट वास आला, मियांगचा. आजी मियांग खात नाही. ती माझ्या पायाशी होती. पाचर माझ्या टाचेला टेकलेली मला स्पष्ट लागत होती.

"आजी," मी उशीतूनच म्हणालो, "तिथं डोक्याशी कोणी आहे का?"

ठोका क्षणभर थांबला.

"मान वर करू नको," आजी म्हणाली. "मंत्र तुटेल."

मी केली नाही. उशीत आणखी थोडा आत गेलो, आणि टाचेचं दुखणं त्या दिवशी जे गेलं ते अजून परत आलेलं नाही.